पहाऱ्याची वीणा



कीर्तन संपते, आरती होते, माणसे पांगू लागतात. कीर्तनकाराच्या पाया पडायला जी मंडळी मागे थांबतात त्यांत एखादा तरी असा असतो, की त्याला पायाही पडायचे नसतात आणि प्रसादाचीही घाई नसते. त्याला काही विचारायचे असते. मी पंचेचाळीस वर्षे गावोगाव नारदाच्या गादीवर उभा राहिलो. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ब्रह्म-मायेचा नव्हता की द्वैत-अद्वैताचाही नव्हता. तो प्रश्न असा होता : "महाराज, चांगले वागून आम्हाला काय मिळाले?"

कोणी धाकट्या भावाला शिकवलेले असते आणि त्याच भावाने पुढे बांध कोरलेला असतो. कोणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी दारोदार वर्गणी मागितलेली असते आणि शेवटी त्याच्यावरच पैसे खाल्ल्याचा आळ आलेला असतो. कोणी आईबापांना अखेरपर्यंत सांभाळलेले असते आणि सातबाऱ्यावर नाव शहरातल्या भावाचे लागलेले असते. विचारणारा नास्तिक नसतो. गळ्यात माळ असते, एकादशी असते, वारी असते. त्याचा देवावरचा विश्वास उडालेला नसतो. तो फक्त थकलेला असतो.

या प्रश्नाचे आपल्या संप्रदायात तयार उत्तर आहे. कर्म करावे, फळाकडे डोळा ठेवू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ते आले आणि माउलींनी नेवाशात बसून ते मराठीत उलगडले. हा सिद्धांत खरा आहे, त्यात बोट शिरवायला जागा नाही. परंतु सिद्धांत कोणाला, केव्हा आणि कोणी सांगावा, याचेही एक शास्त्र आहे. त्याला आपल्याकडे अधिकार म्हणतात. तापाने फणफणलेल्याला वैद्य पथ्य सांगतो, पण आधी औषध देतो. म्हणून थकलेल्या माणसाला काय द्यावे, याचा विचार आज आपण करू. हा विचार मला एका परक्या ग्रंथामुळे सुचला, तेही आधीच सांगून टाकतो.

आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची पद्धतही उचलली. टाळ, मृदंग, आख्यान सारे आपलेच, कथा मात्र येशूची. त्यामुळे आमच्याकडे ख्रिस्ती श्रोता कीर्तनाला बसला तर कोणाला नवल वाटत नाही. असेच एक निवृत्त शिक्षक माझ्या कीर्तनाला वीस वर्षे येत असत. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. तीन वर्षांपूर्वी माझा गळा गेला. डॉक्टरांनी वरच्या पट्टीत गायला कायमची मनाई केली आणि माझे कीर्तन थांबले. तेव्हापासून मास्तर संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागले. मी त्यांना ज्ञानेश्वरीतला एखादा प्रसंग सांगावा आणि त्यांनी मला त्यांच्या नव्या करारातले काही सांगावे, असा क्रम पडला. एक दिवस मी त्यांना तो प्रश्न घातला. म्हटले, "मास्तर, तुमच्याकडे लोक हे विचारतात का?"

ते हसले. म्हणाले, "महाराज, आमच्याकडे तर हे पहिल्यापासून विचारतात." आणि त्यांनी मला पौलाच्या पत्राविषयी सांगितले.

पौल हा येशूचा अनुयायी. पहिल्या शतकात आजच्या तुर्कस्तानातून आणि ग्रीस देशातून पायी आणि गलबतातून फिरला. पोटासाठी स्वतःच्या हातांनी तंबू करी. आपले संत कोणी शिवण्याचे काम करीत, कोणी मडकी घडवीत, कोणी मळा शिंपीत, त्यांतलाच हा एक प्रकार म्हणा. तुर्कस्तानातल्या गलतिया नावाच्या प्रांतात त्याने मंडळ्या उभ्या केल्या आणि तो पुढे गेला. त्याच्या मागे दुसरे उपदेशक आले आणि त्यांनी त्या लोकांना वेगळेच कर्मकांड शिकवायला सुरुवात केली. लोक तिकडे वळू लागले. ही वार्ता कानी आल्यावर पौलाने त्यांना पत्र लिहिले. त्या पत्रात एके ठिकाणी तो मन उघडे करतो. तुमच्यासाठी केलेले माझे श्रम फुकट तर गेले नाहीत ना, अशी भीती तो बोलून दाखवतो.

माउली, इथे मी मास्तरांना थांबवले. पुढे त्याच पत्राच्या शेवटच्या, सहाव्या अध्यायात हा गृहस्थ शेतकऱ्याचा दृष्टांत देतो. जे पेरावे ते उगवते, चांगले करण्याचा कंटाळा येऊ देऊ नये, कारण नेटाने उभे राहिले तर हंगाम आल्यावर पीक पदरात पडते, असा त्याच्या सांगण्याचा भाव. हा धीर कोणी पीक घरात भरून ओसरीवर बसलेल्या माणसाने दिलेला नाही. ज्याचे स्वतःचे पेरलेले वाया जाते की काय असे डोळ्यांसमोर दिसते आहे, त्याने तो दिला आहे. म्हणून तो मला ऐकावासा वाटला.

आता आपल्या आणि त्यांच्या सांगण्यात फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पौल पिकाची खात्री देतो. ते पीक म्हणजे धान्य किंवा मानमरातब नव्हे, ते पारमार्थिक आहे, अनंत जीवन आहे. पण आहे ते पीकच. आपले संत मोक्षाचेही पीक नको म्हणतात. संतांची संगत आणि नामाचे प्रेम मिळत असेल तर पुन्हा जन्माला येण्याचीही त्यांची तयारी आहे. मास्तर आणि मी यावर बरेच दिवस बोललो. ते म्हणत, "आशा नसेल तर माणूस पेरील कशाला?" मी म्हणे, "आशा असली की माणूस रोज माती उकरून कोंब आला का ते पाहतो आणि त्यानेच बी मरते." शेवटी आम्हा दोघांनाही एक गोष्ट मान्य झाली. पेरणी आणि कापणी यांच्या मधला काळ मोठा असतो आणि माणूस थकतो तो त्याच काळात. मग तो काळ काढायचा कसा?

आपला वारकरी बहुतेक शेतकरीच आहे. तो काय करतो ते पाहा. मृग लागतो, पाऊस पडतो, घाईघाईने पेरणी होते आणि ज्येष्ठ वद्यात पालख्या देहू-आळंदीहून निघतात. बी मातीत टाकून आठ-पंधरा दिवस झालेले नसतात आणि हा माणूस शेताकडे पाठ करून चालू लागतो. कधी पाऊस लांबतो, पेरणी व्हायचीच असते, तरी तो निघतो. शेजाऱ्याला सांगतो, "लक्ष ठेव रे." बांधावर बसून कोंबाची वाट पाहणारा एकटा असतो आणि एकट्याला प्रत्येक ढग खोटा वाटतो. दिंडीत चालणाऱ्याच्या मागेपुढे माणसे असतात. मधला काळ चालत आणि नाम घेत काढायचा, हे आपल्या लोकांनी शेकडो वर्षे पायांनी सिद्ध केले आहे. मात्र यातला एक धागा मनात ठेवा. शेजारी लक्ष ठेवतो म्हणून वारकरी निघू शकतो. या शेजाऱ्याकडे आपण पुन्हा येऊ.

तुकोबारायांच्या पालखीबरोबर तुम्ही चालला असाल तर यवतचा मुक्काम उठल्यावर वरवंडच्या वाटेवर केडगाव चौफुला लागतो. तिथून उत्तरेकडे काही अंतरावर रेल्वेस्टेशनचे केडगाव आहे. त्या गावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आपण वर्षानुवर्षे त्याच्या जवळून चालत जातो. पेरणी आणि कापणी यांच्या मधला काळ एका जीवाने कसा काढला, हे पाहण्यासाठी त्या बाईंचे चरित्र समजून घ्यावे, असे मला वाटते. त्यांनी धर्मांतर केले, हे आपल्यातल्या पुष्कळांना रुचत नाही. त्या वादात मी आज शिरत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. त्यांनी त्या काळात पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला शिकवले. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पायी हिंडत पुराणे सांगे. म्हणजे ही बाई आपल्यासारख्याच फिरत्या, कथा सांगणाऱ्या घरातली. पुढे दुष्काळ पडला. त्यात अन्नावाचून आईबाप गेले, थोरली बहीण गेली. राहिलेल्या भावाबरोबर त्या चालत हिंदुस्थान हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता ही पदवी दिली. नंतर भाऊ गेला. लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पती पटकीने गेले. पदरात लहान मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि निराधार मुलींसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्या काळी बालविधवेचे जिणे काय होते ते तुमच्या घरातल्या वृद्ध बायकांनी आपल्या आज्यांकडून ऐकले असेल. ते काम चांगले होते याविषयी शत्रूचेही दुमत नव्हते. पण १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गदारोळ उठला. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातली मोठी माणसे बाजूला झाली. इकडचे लोक त्यांना ख्रिस्ती म्हणून दूर ठेवत, आणि तिकडे इंग्लंडात ज्या धर्मभगिनींनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीही त्यांचे खटके उडत, कारण ही बाई कोणाचे सांगणे विचार केल्याशिवाय मानीत नसे. दोन्ही घरची पाहुणी आणि दोन्हीकडे उपाशी, तशी त्यांची गत झाली.

तरी त्या थांबल्या नाहीत. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईचे स्वतःचे आईबाप दुष्काळात गेले होते ती उठून तिकडे गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. केडगावची उजाड जमीन त्यांनी आधी घेऊन ठेवली होती, तिथे विहिरी खणून बाग केली होती. त्या मुली तिथेच राहिल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि त्या उजाड जमिनीवर हजाराहून अधिक जीव राहू लागले. शिवण, विणकाम, शेती, छापखाना, सारे मुलींनीच चालवले.

आता पिकाचे पाहू. शारदा सदनात शिकलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. आनंदीबाई आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. रमाबाईंनी पेरलेल्या एका बीचे पीक असे दुसऱ्याच्या खळ्यावर पडले आणि तिथून घराघरांत गेले. तुमची नात आज कॉलेजात जाते, त्या धान्यात या खळ्याचाही एक दाणा आहे.

पण सगळ्याच पेरणीचे असे होत नाही. कीर्तनकार बहुधा इथेच आख्यान संपवतो, कारण इथे टाळी पडते. मी पुढचे सांगतो. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची दीड दशके एका कामात घातली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. टाइप जुळवायला, छापायला त्यांच्याच मुली. काम चालू असताना १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर सारे सोपवायचे ती एकुलती एक लेक. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. भाषांतराचे काम त्यांनी अखेरच्या दिवसांपर्यंत केले. इतके करून ते भाषांतर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रुळले नाही. मास्तरांच्या घरीही वेगळेच भाषांतर आहे. ते म्हणाले, "महाराज, तेवढ्या एका कामाचे पीक मला तरी कुठे दिसले नाही."

मी त्यांना म्हटले, "मग हंगाम येतोच, असे तुमचा पौल कसे म्हणतो?"

त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो 'तू' म्हणत नाही, महाराज. तो 'आपण' म्हणतो."

माउली, या एका शब्दापाशी मी थांबलो आणि तुम्हालाही थांबायची विनंती आहे. कारण त्या शब्दाने मला दहा-बारा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. गाव सांगत नाही. सप्ताहाचे काल्याचे कीर्तन झाले होते. पंगती उठल्या होत्या. पन्नाशीची एक बाई पुरुष मंडळी जाईपर्यंत खांबाला टेकून उभी होती. मग पुढे आली.

"बाबा, अकरा वर्षं सासूचं अंथरुणातलं केलं. आता ती गेली. दिरांनी वाटण्या करून घेतल्या. माझा मालक आधीच वारलेला. मला मागची खोली दिलीय. देवाला हे दिसलं नसंल का?"

मी तिला विचारले, "अकरा वर्षे तुझ्या हाताखाली कोण होते गं?"

"कोण असणार? समदी यायची, बघायची आन् म्हणायची, लई पुण्य लागंल तुला."

लई पुण्य लागंल तुला. या चार शब्दांत त्या भावकीने काय केले ते पाहा. काम तिचे, मजुरी द्यायची देवाने आणि हे मधल्यामध्ये मोकळे. देवाच्या खात्यावर उधारी मांडून माणसे आपल्या वाट्याचा भार झटकतात. निष्काम कर्माचा सिद्धांत कर्त्याने स्वतःला सांगायचा असतो. बाजूला बसून पाहणाऱ्याने तो दुसऱ्याला सांगू लागला तर तो सिद्धांत राहत नाही, ती पळवाट होते. त्या बाईला फळाची आसक्ती नव्हती. असती तर अकरा वर्षे ती टिकलीच नसती. तिला तिचा भार कोणी पाहिला नाही आणि कोणी उचलला नाही, याचे दुःख होते. मी गावच्या जाणत्या दोन माणसांना बोलावून तिच्यासमोर बसवले. तिच्या हिश्शाची बोलणी सुरू करून दिली. पुढे काय निष्पन्न झाले ते माझ्या कानी आले नाही. पण त्या रात्री त्या दोघांच्या माना खाली गेलेल्या मी पाहिल्या.

पौलाच्या त्याच सहाव्या अध्यायात, पेरणीच्या दृष्टांताच्या थोडे आधी, एकमेकांचे भार उचलण्याची आज्ञा आहे. गंमत म्हणजे लगेच पुढे ज्याने त्याने आपले ओझे आपण वाहावे असेही आहे. मास्तर म्हणाले, याचा मेळ घालायला पंडितांची पाने खर्ची पडली. मी म्हटले, वारकऱ्याला एक ओळही लागणार नाही. दिंडीत पडशी ज्याची त्याच्या खांद्यावर असते आणि टाळ ज्याचा त्याच्या गळ्यात. पण तंबू, भांडी, शिधा सगळ्यांचा एका ट्रकमध्ये असतो. आणि कोणाच्या पायाला फोड आले तर त्याची पडशीही दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. त्याबद्दल कोणी भाषण करत नाही.

तेव्हा न थकण्याचा तो उपदेश 'आपण' या शब्दाने मंडळीला केलेला आहे. एकट्या पडलेल्या जीवाला 'तू थकू नकोस' असे बजावणे वेगळे. आपण सारे मिळून असे राहू या की चांगले काम थांबणार नाही, हे वेगळे. पहिल्यात थकणाऱ्याचा दोष निघतो. दुसऱ्यात बाजूला बसलेल्यांना उठावे लागते.

आपल्याकडे याचे रूप रोज डोळ्यांसमोर आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहाटेचा काकडा, पारायण, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन, जागर हे सारे बदलत राहते, विणेकरी मात्र देवापुढे उभाच. पण ती वीणा सात दिवस एकाच माणसाने धरावी, असे कोणी म्हणत नाही. पहारे लावलेले असतात. दोन तास झाले की दुसरा येतो. येणारा उभ्या असलेल्याच्या पाया पडतो आणि उभा असलेला येणाऱ्याच्या. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तार बोलायची थांबत नाही. पहिला जाऊन झोपतो. तो थकला म्हणून त्याची भक्ती कमी, असे म्हणणारा वारकरी मी पाहिला नाही. अखंडता ही वीणेची असते. ती टिकावी म्हणून माणसे आलटून पालटून उभी राहतात.

रमाबाईंच्या कामालाही असेच पहारे होते. मनोरमा होती, शाळा आणि छापखाना चालवणाऱ्या मुली होत्या आणि त्या गेल्यावरही केडगावचे काम दुसऱ्या हातांनी चालूच राहिले. एकटी बाई म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, पण त्या एकट्या असत्या तर त्या उजाड जमिनीवर हजार जीव जगले नसते. दुष्काळात वाचलेल्या मुलींनी पुढे आलेल्या मुलींची वेणीफणी केली आणि आजारपणे काढली. पेरणाऱ्याला पीक दिसले नाही तरी वीणा घ्यायला कोणी आले, एवढे त्याला दिसले तर तो शांतपणे डोळे मिटू शकतो.

म्हणून माझी तुम्हाला दोन सांगणी आहेत. तुमच्यातला जो थकलेला आहे त्याला पहिले सांगणे. माउली, थकणे हे पाप नव्हे. "माझा पहारा संपला, कोणीतरी या" अशी हाक मारण्यात कमीपणा नाही. वीणा हातातून टाकू नका, पण ती दुसऱ्याला देण्याची लाज बाळगू नका. हाक मारूनही कोणी आले नाही तर तुमचा हक्क मागायला पंचांपुढे उभे राहा. निष्काम होणे म्हणजे अन्याय गिळणे असे आपल्या एकाही संताने शिकवलेले नाही. आणि रात्री अगदी कोणीच जवळ नसेल तर नाम घ्या. पांडुरंग जनाबाईबरोबर दळायला बसला, ही कथा आपण सांगतो. तिने जाते ओढायचे थांबावे असे त्याने म्हटले नाही आणि फार पुण्य लागेल असेही म्हटले नाही. त्याने खुंटा धरला.

दुसरे सांगणे आपल्या इतरांना. घरात, भावकीत, गावात चांगल्या कामाची वीणा कोणाच्या गळ्यात किती वेळ आहे ते पाहा. अंथरुणावरच्या म्हातारीपाशी कोण बसते, देवळाचा हिशेब कोण ठेवते, शाळेतल्या आईविना पोराला डबा कोण देते, हे आपल्याला ठाऊक असते. तिथे जाऊन "धन्य आहात" म्हणून परत येऊ नका. आठवड्यातला एक दिवस, महिन्यातली एक रात्र तुमच्या नावावर लावून घ्या. वारीला निघालेल्याच्या शेतावर लक्ष ठेवणाऱ्या शेजाऱ्याचा धागा तुम्हाला मनात ठेवायला सांगितला होता. तो शेजारी पंढरपूरला पोहोचत नाही, पण त्याच्यावाचून वारीही होत नाही. वारीच्या पुण्याची वाटणी कशी होते ते पांडुरंगाला ठाऊक. माझी समजूत अशी की, शेजाऱ्याचा वाटा लहान नसावा.

माझ्यापुरते सांगायचे तर कीर्तन सुटले, पण उभे राहता येते. आमच्या गावच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा घ्यायला कोणी चटकन तयार होत नाही. गेली तीन वर्षे तो माझ्या नावावर आहे. मंडपात तेव्हा एखादे कुत्रे आणि दोन-चार झोपलेली माणसे असतात. ऐकायला कोणी नसते आणि माझा आवाजही जेमतेम ओठांपुरता उरला आहे. मागच्या वर्षी पहिल्या रात्री मास्तर घोंगडे पांघरून आले आणि मंडपाच्या कडेला बसले. वीणा त्यांनी घेतली नाही, ते त्यांच्या आणि माझ्या दोघांच्याही मर्यादेत बसले नसते. चार वाजेपर्यंत त्यांनी सोबत दिली आणि काकड्याची मंडळी आल्यावर उठून घरी गेले.

रामकृष्ण हरी.